पायरीनचा लाइफटाइम सकाळी एक, दुपारी दुसरा... पॉलिमर बदलतोय की मीच गंडतेय?

जांभूळखाणारी

नमस्कार मंडळी. इथे एकदोन फोटोफिजिक्सवाले फिरतात हे माहितीये म्हणून विचारते. गाईडना विचारलं तर ते म्हणणार आधी तीनदा रिपीट कर, आणि मी पाचदा केलंय.

पीएचडीचं पहिलं वर्ष, गोव्यात ताळगावच्या बाजूला एक लॅब. पॉलिमर आहे पीनायपाम, म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलामाइड, पाण्यात लिटरला १ ग्रॅम, आणि त्यात पायरीन (उजेड शोषून चमकणारा छोटा रेणू) ०.५ मायक्रोमोलर, जास्त घालताच येत नाही कारण पाण्यात ते विरघळतंच मुळी ०.६-०.७ मायक्रोमोलरपर्यंत. पायरीन पॉलिमरला बांधलेलं नाही, सुटं आहे. आयडिया सगळ्यांना माहीत असेलच पण तरी सांगते, ३४० नॅनोमीटरच्या एलईडीचा पल्स मारायचा, पायरीन एक्साइट होतं, मग ते किती वेळाने फोटॉन सोडतं ते लाखो वेळा मोजायचं, त्याचा डीके कर्व्ह, म्हणजे उजेड विझत जाण्याचा आलेख, काढायचा (ही पद्धत म्हणजे टीसीएसपीसी), त्यातून लाइफटाइम, म्हणजे पायरीन सरासरी किती वेळ पेटलेलं राहतं ते, मिळतो, आणि त्या कर्व्हवरून पायरीनच्या अवतीभवती पाणी आहे की पॉलिमर हे ओळखायचं. पॉलिमर स्वतः चमकत नाही, म्हणून हा छोटा रेणू हेर म्हणून आत सोडायचा, असं आमचे सर म्हणतात.

तर झालंय असं की सकाळी साडेनऊला मोजलं तेव्हा १२८ नॅनोसेकंद आला, सोबत ०.४ नॅनोसेकंदचा एक अगदी बारीक तुकडा, तो मी सोडून दिला. दुपारी तीनला तीच क्युव्हेट (सोल्यूशनची काचेची डबी), होल्डरमधून काढलीसुद्धा नाही, झाकणसुद्धा उघडलं नाही, परत रन लावला तर दोन एक्स्पोनेन्शियल (दोन लाइफटाइमची बेरीज) कर्व्हवर बसेचनात. तीन टाकले तेव्हा काय-स्क्वेअर (फिट किती चांगला त्याचा आकडा, १ च्या जवळ तितका बरा) १.०८ वर आला. ०.४ नॅनोसेकंद ४० टक्के, १२८ नॅनोसेकंद ३५ टक्के आणि २४० नॅनोसेकंद २५ टक्के. (मधे दीडेक तास लाइट नव्हती, पण इन्स्ट्रुमेंट यूपीएसवर आहे त्यामुळे त्याचा संबंध नसावा.) दुसऱ्या दिवशी सकाळी परत १२८!! मी जेवून येईपर्यंत पॉलिमरला काय होतं??

प्रश्न असा की तीन लाइफटाइम म्हणजे तीन प्रकारच्या जागी बसलेलं पायरीन असं लिहू का? आणि ४० टक्के पायरीन अर्ध्या नॅनोसेकंदात विझतंय तर त्याला कोण विझवतंय? शुक्रवारी ग्रुप मीटिंग आहे, प्लीज.

टीसीएसपीसीचं_भूत

तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये कंसात पडलंय बघ. इन्स्ट्रुमेंट यूपीएसवर आहे, एसी आहे का?

पीनायपामचं सगळं आयुष्य ३२ डिग्रीभोवती फिरतं. त्याच्या खाली साखळी पाण्यात मोकळी पसरलेली असते, अमाइडचे गट पाण्याला धरून बसलेले असतात, आणि ३२ च्या वर गेलं की पाणी सुटतं, साखळी आकसून गोळा होते, ते गोळे एकमेकांना चिकटतात आणि सोल्यूशन पांढरं पडतं. १९६८ साली हेस्किन्स आणि गिलेट यांनी हे छापलं तेव्हापासून जगभरचे लोक याच एका नंबरापायी या पॉलिमरच्या मागे आहेत. आता मे महिन्यात खिडक्या बंद केलेल्या खोलीत दीड तास एसी नाही म्हणजे खोली किती? ३३ तरी. त्यात सँपल चेंबरच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता. तुझी क्युव्हेट दुपारी पातळ नारळाच्या रसासारखी दिसत असणार, पण झाकण उघडलंच नाहीस म्हणून कळलं नाही. रात्री एसी चालू, सकाळी परत पाण्यासारखी नितळ आणि परत १२८. पॉलिमर बदलतोय हे खरंच आहे, तू फारशी गंडलेली नाहीस, फक्त थर्मामीटर लावला नाहीस.

आता ते ०.४. ते पायरीन नव्हेच. तुझा एलईडी बहुतेक १ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे दोन पल्समधे १ मायक्रोसेकंद. त्या खिडकीचे ४०९६ चॅनेल केले तर एक चॅनेल जवळजवळ पाव नॅनोसेकंदाचा, आणि एलईडीचा पल्सच मुळात नॅनोसेकंदभर रुंद. मग ०.४ म्हणजे दीड चॅनेल! एवढ्या जागेत कुठली प्रक्रिया मोजणार? ते आहे स्कॅटरिंग. गढूळ सोल्यूशनवर आदळून एलईडीचाच उजेड डिटेक्टरपर्यंत पोचतो, आणि तो लगेच पोचतो म्हणून फिटला तो 'फार झटपट विझणारा रेणू' वाटतो. सकाळचा बारीक तुकडा पण तसाच, पण तो बहुधा पाण्याचा रामन, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी तरंगलांबी बदलून परत फेकलेला एलईडीचा उजेड. एमिशन कुठे घेतेस? ३८४-३८५ ला घेत असशील तर हिशोब करून बघ, ३४० ने मारलं की पाण्याचा रामन बरोबर ३८४ च्या आसपास येतो, नेमका पायरीनच्या तिसऱ्या पीकच्या बोडक्यावर. एवढ्या विरळ पायरीनला तो जाणवतो. ३७३ ला घे, किंवा ४०० च्या पुढे घे आणि मधे लाँगपास (फक्त लांब तरंगलांबी सोडणारा) फिल्टर टाक.

आणि ४० टक्के बघून घाबरू नकोस. तो प्रीएक्स्पोनेन्शियलचा, म्हणजे ॲम्प्लिट्यूडचा टक्का आहे, फोटॉनचा नाही. प्रत्येक तुकड्याचे फोटॉन म्हणजे ॲम्प्लिट्यूड गुणिले लाइफटाइम. ०.४० × ०.४ = ०.१६, ०.३५ × १२८ = ४४.८, ०.२५ × २४० = ६०. म्हणजे साधारण १०५ मधले ०.१६, टक्क्याच्या दोन दशांशपेक्षाही कमी. सॉफ्टवेअर दोन्ही कॉलम दाखवतं, आपण जो मोठा दिसतो तो बघतो. ॲव्हरेज लाइफटाइम लिहितानाही हीच गोम आहे, ॲम्प्लिट्यूडने काढलास तर तुझ्या दोन लांब तुकड्यांचा १७५ येतो आणि इंटेन्सिटीने काढलास तर १९२, आणि पेपरात लोक नुसतं 'ॲव्हरेज' लिहून मोकळे होतात. कुठला ते लिही.

अजून एक, जे मला जास्त खटकतंय. २४० नॅनोसेकंदचा लाइफटाइम १ मायक्रोसेकंदाच्या खिडकीत मावत नाही. चार लाइफटाइम झाल्यावरही पावणेदोन टक्के पायरीन पेटलेलंच असतं आणि पुढचा पल्स येतो, मग आधीच्या फेरीचं शेपूट पुढच्या फेरीत शिरतं. कर्व्ह चढायच्या आधीचा बेसलाइन बघ, दुपारच्या फाइलमधे तो वर असणार. पल्सचं रेपिटिशन २५० किलोहर्ट्झवर आण. वेळ लागेल, लागू दे. आणि काउंट रेट पल्सच्या एक टक्क्याच्या वर जाऊ देऊ नकोस, गढूळ सँपलला स्कॅटरमुळे तो आपोआप वाढतो, मग प्रत्येक पल्समधला पहिलाच फोटॉन मोजला जातो, उशिरा येणारे सुटतात आणि लाइफटाइम उगाच छोटा दिसतो.

मी मूळचा साखळीचा, म्हणजे गोव्यातल्या साखळी गावचा. साखळीचा माणूस पॉलिमरमधे जाणार नाहीतर कुठे, असं घरचे म्हणतात.

सुशेगाद_बांगडो

गोव्यात बसून मे महिन्यात ३२ डिग्रीचा पॉलिमर! ह्याला म्हणतात कॉन्फिडन्स. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत तो वर्षातले सहा महिने गोळाच राहिला असता, माझ्यासारखा.

जांभूळखाणारी

भूतदादा देव बरें करूं!! आत्ता जाऊन दुपारची फाइल उघडली, बेसलाइन खरंच वर आहे, सकाळच्यापेक्षा चांगलाच. आणि एमिशन ३८५ लाच घेत होते कारण आधीच्या सीनियरने तसंच सेट करून ठेवलेलं. एसी यूपीएसवर नाही. झालं.

पण मग मला हे सांगा की २४० चा तुकडा तरी खरा ना? म्हणजे पायरीन गोळ्याच्या आत गेलं म्हणून लाइफटाइम वाढला असं म्हणू शकते ना? तापमान वाढलं म्हणून वाढला असं कोणी मीटिंगमधे म्हटलं तर?

टीसीएसपीसीचं_भूत

तापमानाने वाढला असं कोणी म्हटलं तर विचार, की नुसतं पायरीन पाण्यात घेऊन ३५ डिग्रीला मोजलंत का. साधारणपणे गरम केलं की लाइफटाइम कमी होतो, वाढत नाही. हा ब्लँक तुझ्याकडे हवाच, पॉलिमर नसलेला, त्याच तापमानाला. तो नसेल तर मीटिंगमधे मीसुद्धा तुला तेच विचारेन.

आता २४० खरा की नाही. खरा, पण त्यात दोन गोष्टी मिसळल्यात आणि त्या वेगळ्या करणं हेच तुझं खरं काम आहे. पाण्यात, हवा काढून टाकलेल्या, पायरीनचा लाइफटाइम २०० च्या आसपास असतो. तुझा १२८ का? कारण तू हवा हाकलायला नायट्रोजन सोडला नाहीस. हवेशी टेकलेल्या पाण्यात ऑक्सिजन ०.२६ मिलीमोलर असतो २५ डिग्रीला, आणि ऑक्सिजन पायरीनला भेटला की विझवतो, भेटीचा वेग मोलरला सेकंदाला साधारण १ वर दहा शून्यं. स्टर्न-व्होल्मरमधे, म्हणजे विझण्याचे वेग बेरजेत मांडणाऱ्या समीकरणात टाक: २०० नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाला ५० लाख, त्यात ऑक्सिजनचे २६ लाख मिळव, ७६ लाख, उलटं केलं की १३१ नॅनोसेकंद. तुझा १२८. बघ किती गोड जुळतं, मला हा हिशोब दरवेळी बरा वाटतो. सायक्लोहेक्झेनमधे हाच प्रकार भयंकर असतो, हवा काढली तर ४५० च्या घरात आणि हवा ठेवली तर २० सुद्धा नाही धड, कारण तिथे ऑक्सिजन दहा पटीने जास्त विरघळतो.

म्हणून गोळ्यात गेल्यावर पायरीनचा लाइफटाइम दोन कारणांनी वाढतो. एक, आजूबाजूला पाणी कमी, वातावरण कमी ध्रुवीय, तिथे त्याचं स्वतःचं आयुष्यच लांब. दोन, गोळ्याच्या आत ऑक्सिजन हळू पोचतो. पहिलं कारण सांगतं पॉलिमरने पाणी किती बाहेर टाकलं, दुसरं सांगतं पॉलिमर आतून किती घट्ट आहे. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले तर काहीच कळणार नाही. एकदा हवेत मोज, एकदा नायट्रोजनमधे मोज, दोन्हीतला फरक म्हणजे ऑक्सिजनचा वाटा. नायट्रोजन सोल्यूशनमधे बुडबुडवू नकोस मात्र, पीनायपाम साबणासारखं फेसाळतं, मग अर्धा पॉलिमर फेसात आणि अर्धा भिंतीवर. वरच्या जागेत सोड आणि खाली स्टरर फिरू दे, अर्धा तास. आयोडाइड वगैरे क्वेंचर (पायरीनला विझवणारं मीठ) घालायचा मोह होईल, मीठ घातलं की ते ३२ चं ३२ राहत नाही, लक्षात ठेव.

पहिल्या कारणासाठी स्टेडी स्टेटचा, म्हणजे पल्स न मारता सतत उजेड टाकून, साधा स्पेक्ट्रम पण काढ. ३७३ च्या पीकला ३८४ च्या पीकने भाग. पाण्यात १.८ च्या आसपास, हेक्झेनसारख्या ठिकाणी ०.६. तुझं कुठेतरी मधे येईल. पण ते ३८४ म्हणजे पुन्हा तोच रामन, ब्लँक वजा कर किंवा ३३५ ने मार.

आणि 'तीन लाइफटाइम म्हणजे तीन जागा' हे वाक्य कृपा करून लिहू नकोस. पुरेसे एक्स्पोनेन्शियल टाकले तर माझ्या आजीच्या चालण्याचाही काय-स्क्वेअर १.०८ येतो. गोळ्याच्या आत सगळ्या जागा सारख्या नसतात, काही पायरीन काठाला, काही मधे, तिथे लाइफटाइमचा पसारा असतो आणि फिट त्या पसाऱ्यातून दोन आकडे उचलून देतं. पाण्यातलं आणि गोळ्यातलं अशी दोन माणसं मानायला हरकत नाही, कारण दोनतीनशे नॅनोसेकंदात पायरीन आतून बाहेर पळत नाही. त्यापुढे आकडे नाही, पसारा म्हण. कोलराउशचं स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल लावून बघ, एक पॅरामीटर कमी लागतो आणि खोटं कमी बोललं जातं.

सुटं पायरीन भाडेकरू आहे हे पण विसरू नकोस. त्याला जी खोली आवडली तिथे जाऊन बसलं, त्यावरून अख्ख्या वाड्याचं वर्णन करायचं नाही. साखळीच्या हालचालीबद्दल बोलायचं असेल तर पायरीन साखळीला रासायनिक बंधाने जोडावं लागतं, मग दोन पायरीन एकमेकांना भेटले की ४८० ला एक्सायमरचा (एक पेटलेलं आणि एक न पेटलेलं पायरीन यांच्या जोडीचा) निळा उजेड येतो, फर्स्टर आणि कास्पर यांनी १९५४ मधे दाखवलेला. तिथे डीके बघायला खरी मजा. ४८० ला मोजलं आणि कर्व्ह आधी चढून मग उतरला तर समजायचं की साखळी हलली, वळली, दोन टोकं भेटली आणि मग एक्सायमर झाला. चढच नसेल तर ते दोघं आधीपासूनच गळ्यात गळा घालून बसलेले होते. नुसत्या स्पेक्ट्रमला हा फरक कधीच दिसत नाही, दोन्ही निळेच. पण हे सगळं शुक्रवारसाठी नको.

वेर्ण्याचा_पेंटवाला

विषय बघून आत आलो. मी पेंटमधे आहे, वेर्ण्याला, फोटॉनबिटॉन मोजत नाही, आमच्याकडे स्क्रब टेस्टरच्या ब्रशखाली पट्टी घासतात आणि किती फेऱ्यांत रंग निघाला ते मोजतात. पण हाच प्रकार आमच्या धंद्यात कुठे कामाला आला ते सांगतो कारण मला कॉलेजनंतर पहिल्यांदा फ्लुओरेसन्स पटला तो इथे.

इमल्शन पेंटचा बाइंडर म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे गोळे, शंभरेक नॅनोमीटरचे. भिंतीवर लावलं, पाणी उडालं, गोळे दाबले गेले, पारदर्शक फिल्म दिसली, पेंटर म्हणतो सुकला. सुकला कुठला! गोळे नुसते एकमेकांना चेपून बसलेत, मधल्या भिंती तशाच आहेत, आणि जोपर्यंत एका गोळ्यातल्या साखळ्या शेजारच्या गोळ्यात शिरत नाहीत तोपर्यंत फिल्मला ताकद नाही, ओल्या फडक्याने पुसली की पीठ येतं. आता साखळ्या शिरल्या की नाही हे बघायचं कसं? डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पारदर्शक.

टोरोंटोच्या मिचेल विनिक यांच्या ग्रुपने जे केलं ते मला फार आवडतं. अर्ध्या गोळ्यांच्या साखळ्यांना फेनॅन्थ्रीन जोडलं, उरलेल्या अर्ध्यांना अँथ्रासीन. फेनॅन्थ्रीन एकटं असेल तर ४५ नॅनोसेकंदच्या आसपास जगतं. पण शेजारी दोनअडीच नॅनोमीटरवर अँथ्रासीन आलं तर आपली ऊर्जा त्याला देऊन टाकतं आणि लवकर विझतं. म्हणजे फिल्म ताजी असताना लॉग ग्राफवर डीके जवळजवळ सरळ, कारण फेनॅन्थ्रीन आपल्या गोळ्यात आणि अँथ्रासीन आपल्या गोळ्यात, फक्त सीमेवरचे भेटतात. फिल्म तापवून ठेवली की साखळ्या सरकतात, मिसळतात, आणि डीकेचा सुरुवातीचा भाग खाली वाकत जातो. तो वाक म्हणजे किती साखळ्या पलीकडे गेल्या त्याचा हिशोब. शंभर नॅनोमीटरच्या गोळ्यांतली घुसखोरी दोन नॅनोमीटरच्या पट्टीने मोजली, तीही फिल्म न फाडता.

आता गोव्यात याचं काय. इथे लोक चतुर्थीच्या आधी घर रंगवतात, म्हणजे ऐन पावसात, चिऱ्याची भिंत आतून ओली, हवेत दमट इतकं की पाणी उडतच नाही. पाणी रेंगाळलं की गोळे जवळ यायलाच उशीर, आणि आपण गोळे मऊ करायला जो कोअलेसंट घालतो त्याचं आणि पाण्याचं उडण्याचं गणित बिघडतं. मग गणपती विसर्जन होईपर्यंत भिंत बोटाला चिकट, आणि शिव्या कंपनीला. ग्राहकाला मी साखळ्यांची गोष्ट सांगायला गेलो एकदा, तो म्हणाला साखळीला नाही म्हापशाला राहतो.

बाय तुझ्या पीनायपामचं उलट आहे, गरम केलं की पाणी सोडतं. आमचे बाइंडर गरम केले की मऊ होतात. दोन्हीत छोटा रेणू आत पाठवून उलट्या दिशेची बातमी काढतात, हे वाचून बरं वाटलं.

जांभूळखाणारी

पेंटवाले दादा, साखळी-म्हापसा वाचून लॅबमधे एकटीच हसले 😄

अपडेट आणि नवीन लफडं. क्युव्हेट होल्डरला वॉटर बाथ जोडला, २० डिग्रीवर ठेवला म्हणजे एकदम सेफ, ३२ पासून लांब. एमिशन ३७३, रेपिटिशन २५० किलोहर्ट्झ, काउंट रेट पाव टक्का. सोल्यूशन नितळ, मी स्वतः बघितलं घालताना. आणि ०.४ वाला तुकडा परत आला!!! सकाळी नव्हता, बाथ लावल्यावर अर्ध्या तासाने आला, आणि वाढतच गेला. आता यात काय पांढरं पडलं?

फोंड्याचे_मास्तर

बाळ, काहीच पांढरं पडलं नाही, क्युव्हेट बाहेरून ओली झाली. फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवल्यावर काय होतं ते आठव. मेच्या शेवटी आपल्याकडे हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो, तू काच २० वर नेलीस, मग तिच्यावर दव धरणारच. ते बारीक थेंब एलईडीचा उजेड चारी दिशांना उडवतात. परदेशातल्या मॅन्युअलमधे हे नसतं कारण त्यांच्या खोलीत दव पडत नाही. मी सुरुवातीला दोन आठवडे याच्यापायी डिटेक्टर उघडून बसलो होतो, आणि दोष होता एका टिश्यू पेपरचा.

उपाय सोपा आहे. २० वर जायची गरज काय? २७ वर ठेव, ३२ पासून पाच डिग्री अंतर आहे, पुरे. खाली जायचंच असेल तर चेंबरमधे कोरडा नायट्रोजन हळू सोडून ठेव, तोच जो तू सोल्यूशनवर सोडतेस, त्याचीच एक नळी बाहेर काढ. आणि बाथच्या डिस्प्लेवर जे लिहिलंय ते बाथचं तापमान आहे, क्युव्हेटचं नाही. मीटरभर रबरी नळीत दोन डिग्री सहज हरवतात, आणि तुझा पॉलिमर एकेका डिग्रीवर मत बदलतो. बारीक थर्मोकपल (तारेचा थर्मामीटर) सोल्यूशनमधे बुडव, उजेडाच्या वाटेच्या वर. प्रत्येक पायरीला दहा मिनिटं थांब. वर जाताना एक मालिका काढ, खाली येताना दुसरी, दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसणार नाहीत, कारण गोळा झालेली साखळी सोडवायला वेळ लागतो. ती चूक समजून पुसून टाकू नकोस.

आमच्या वेळी एलईडी नव्हते, गॅसचा फ्लॅशलॅम्प असायचा, सेकंदाला काही हजार ठिणग्या, त्यातले एक टक्का फोटॉन घ्यायचे. दहा हजार काउंटचा पीक यायला संध्याकाळ व्हायची. रन लावायचा, कदंब बस पकडून घरी जायचं, आणि सकाळी येऊन बघायचं की रात्री लाइट गेली होती का. तुला वीस मिनिटांत मिळतंय, तर दोनदा मोज.

भूत यांनी भाडेकरूची उपमा दिली ती बरोबर, फक्त एक जोडतो. भाडेकरू खोली बदलतो का हे बघायचं असेल तर त्याच्या आयुष्यापेक्षा हळू चालणाऱ्या गोष्टी त्याला दिसत नाहीत. पायरीन पाव मायक्रोसेकंद जगतं म्हणून त्याला पाव मायक्रोसेकंदातल्या हालचाली दिसतात. फ्लुओरेसीनसारखा चार नॅनोसेकंदवाला घेतलास तर त्याला याच पॉलिमरमधे जवळजवळ सगळं स्तब्ध दिसेल. कुठला रेणू पाठवायचा हे आधी ठरव, किती वेगाची गोष्ट बघायची आहे त्यावरून.

टीसीएसपीसीचं_भूत

मास्तर, दव! मी थंड देशात शिकलो, मला सुचलंच नसतं. शंभर टक्के तेच.

जांभूळखाणारी

दवच होतं. झाकण उघडलं तर काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकं. पुसलं, नायट्रोजनची नळी चेंबरमधे सोडली, तुकडा गायब.

मग काल पूर्ण दिवस बसले, थर्मोकपल आत, २७ पासून ३६ पर्यंत एकेक डिग्री. ३१ पर्यंत एकच लाइफटाइम, किंचित किंचित घसरत जाणारा, ब्लँकसारखाच. ३२ ला पण एकच. ३३ ला अचानक लांब शेपूट, आणि त्याच पायरीला पहिल्या-तिसऱ्या पीकचं गुणोत्तर पण पडलं. बाथ तेव्हा ३४.५ दाखवत होता, मास्तर!! उतरताना शेपूट ३१ पर्यंत टिकलं. नायट्रोजनमधे ३५ ला परत काढला तर पाण्यातला तुकडा खूप लांबला आणि गोळ्यातला थोडाच, म्हणजे आत ऑक्सिजन खरंच कमी पोचतोय असं दिसतंय, पण हे एकदाच काढलंय, अजून दोनदा काढायचंय. स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल नीट बसलं, तीन एक्स्पोनेन्शियल मी मीटिंगच्या स्लाइडवरून काढून टाकले.

त्या पहिल्या दुपारची फाइल डिलीट केली नाही. सरांनी फोल्डर उघडल्यावर विचारलं, हे 'लाइट_गेली_३३' काय प्रकार आहे.

सुशेगाद_बांगडो

थीसिसचं पहिलं चॅप्टर.